वाकणारी गाडी

१ सप्टेंबर २०१४, सोमवार

गाडी पुन्हा बसली! सकाळी दूध आणायला बाहेर पडलो तर म्हैस एका अंगावर रेलावी तशी अंगणात पडलेली. मागचं डावं चाक पार आत गेलेलं. चावी फिरवली. मागे पंप घरघरायला लागला, घरघरतच राहिला, आणि मग कुठे ती हळूहळू उठली. तोवर माझा जीव टांगणीला.

शर्मिला खिडकीतून म्हणाली, "अहो, तिला बीपीची गोळी सुरू करा." बायकोकडून एवढीच सहानुभूती!

दसऱ्याला आईला याच गाडीतून नागपूरला न्यायचं आहे. दीक्षाभूमीवर. मी शब्द दिलाय.

३ सप्टेंबर

आयुष म्हणतो, "बाबा, मी विकत घेतली तेव्हाच ती थकलेली होती." खराडीच्या ऑफिसात त्याचा साहेब होता, तो अमेरिकेला निघाला. जाताना गाडी आमच्या लेकाच्या गळ्यात मारून गेला. जर्मन, जुनी, पण तोरा शाबूत. हिच्या चाकांवर स्प्रिंगा नाहीत. रबराच्या पिशव्या आहेत, त्यांत पंप हवा भरतो. एक बटण दाबलं की हवा सुटते आणि गाडी खाली बसते — चढणाऱ्याच्या सोयीसाठी.

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. उचलून बसवलेलं तिला चालत नाही, हात धरलेलाही मोठ्या मुश्किलीनं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा ही एवढी मोठी काळी गाडी फुस्स करून आईपुढे खाली झाली. मला भरून आलं. कुणाला बोललो नाही, इथे लिहितो.

आईचे वडील कोंडीराम. वऱ्हाडातलं गाव. पाटील घोडीवर चढायला आला की ते तिच्याशेजारी ओणवे व्हायचे, आणि त्यांच्या पाठीवर पाय देऊन पाटील वर चढायचा. आई लहान होती, लांबून बघायची. एवढ्या आयुष्यात हे एकदाच बोलली माझ्याशी, भाजी निवडता निवडता. मी पुढे काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

आणि आता त्यांच्या लेकीपुढे गाडी वाकते! याहून मोठं मी आयुष्यात काय मिळवलं? जिल्हा परिषदेत उभा जन्म गेला, त्यातही नाही.

गाडी वाकली की आई आधी टपावर तळवा ठेवते, डोळे मिटते, ओठ हलतात. मग आत बसते. आशीर्वाद देत असावी. मला तो क्षण फार आवडतो. कधी कधी उगाच चक्कर मारून आणतो तिला, आळंदी रोडनं कळसपर्यंत. फक्त त्यासाठी.

६ सप्टेंबर

निवडणूक आली वाटतं — आमच्या गल्लीला डांबर चढतंय. जुनं खरवडायचं नाही, त्याच्यावरच नवा थर. दर निवडणुकीला रस्ता वर आणि आमचं अंगण खाली. आता चांगला फूटभर फरक पडलाय. पुढच्या पावसात गणपती नव्हे, आम्हीच विसर्जित होणार. तक्रार अर्ज दिला. महापालिकेच्या साहेबांनी तो नीट घडी करून ठेवला.

१० सप्टेंबर

बिबवेवाडीत हिंमतराव म्हणून गॅरेजवाला आहे, या जातीच्या गाड्या बघतो. त्यानं गाडी वर घेतली, पिशवीला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडेच बुडबुडे. रबराला घडीघडीवर चिरा. एका पिशवीतली हवा जाते म्हणून पंप सारखा पळतो, आणि सारखा पळून पंपही जळायला आलाय.

त्याचं मत सरळ. पिशव्या काढा, लोखंडी स्प्रिंगा टाका. "पोपटराव, हवेवरची गाडी आणि पुण्याचे खड्डे, हा संसार टिकायचा नाही. स्प्रिंग टाकली की तुम्हाला माझं तोंड बघायला नको."

विचारलं, मग खाली बसेल का? बटण दाबल्यावर?

"नाही. आहे त्या उंचीला उभी राहील. बसायचं नाही, उठायचं नाही."

नको म्हणालो. नव्या पिशव्या मागवा म्हणालो. परदेशातून येतात, वेळ लागेल म्हणाला. लागू दे!

घरी आयुषशी वाजलं. त्याला स्प्रिंगाच हव्यात. म्हणाला, "आजीला एक स्टूल ठेवू ना. इतकं काय त्यात?" इतकं काय! याला कोंडीराम माहीतच नाहीत. सांगावं असं वाटलं, पण आमच्या घरात ती गोष्ट कुणी सांगत नाही.

१५ सप्टेंबर

पिशव्या आल्या नाहीत.

आईनं पांढरी साडी काढून ठेवलीय. छप्पन साली कोंडीरामांचं बोट धरून नागपूरला गेली होती, तसं धरायचं वय उलटून गेलं होतं तरी. त्यानंतर इतक्या वर्षांत पुन्हा जाणं झालं नाही. आधी संसार, मग बाबांचं आजारपण, मग गुडघे. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिलाही माहीत आहे, मलाही.

१९ सप्टेंबर

हिंमतरावांचा फोन. दसऱ्याच्या आधी पिशव्या येत नाहीत, नक्की. आणि आहे त्या पिशव्यांवर नागपूरला निघालात तर मेहकरच्या पुढे कुठेतरी रस्त्यात बसाल, म्हणाला.

भाड्याची गाडी करू म्हटलं, तर शर्मिला म्हणते आईंना धक्के सोसणार नाहीत, ही गाडी जड आहे, दणकट आहे, हीच बरी. तिचं बरोबर आहे. तिचं बहुतेक वेळा बरोबर असतं, तोच त्रास आहे.

टाका म्हटलं स्प्रिंगा. फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. नागपूरला न्यायचं तर वाकणं काढून घ्यायचं. हा कसला सौदा!

२४ सप्टेंबर

गाडी आली. उंच दिसते. पंप काढला, घरघर बंद. खड्ड्यात थोडी कडक लागते, पण चालते सरळ. काचेसमोर एक पिवळा दिवा जळत राहतो. गाडी आपली हवा शोधतेय. हिंमतराव म्हणाला, तिकडे बघू नका.

आई काठी टेकत बाहेर आली. गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या बाजूला तळवा ठेवून जोर दिला. गाडी हलली नाही.

"आता हे बसत नाही?"

नाही म्हणालो.

"कधीच?"

कधीच नाही.

मान डोलावली आणि आत गेली. माझ्यानं तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

वाईट दिवस.

आई चढून बघू या म्हणाली. मी स्टूल आणायला आत वळलो. तेवढ्यात आयुष पुढे झाला, गाडीच्या दाराशी खाली वाकला, दोन्ही हात जमिनीवर, पाठ आडवी. हसत होता पोरगा. "आजी, ठेव पाय. बिनधास्त!"

आईनं त्याच्या तोंडात मारली.

आयुष्यात तिनं कुणावर हात उगारलेला मी पाहिला नाही. माझ्यावरही नाही. आयुष गाल धरून तसाच बसला. पंचावन्न वर्षं पुण्यात काढून भाषा पार इथली झालीय आईची, पण आतून हललं की वऱ्हाडी येते. "ऊठ," म्हणाली. "ऊठ म्हनतो ना! मले नाही जा लागत नागपूरले."

आणि दार लावून घेतलं.

मग आयुषला सांगितलं. कोंडीराम, घोडी, सगळं. तो रडला. म्हणाला, मला कुणी आधी का नाही सांगितलं? आम्हाला वाटलं, न सांगणं म्हणजे त्याला त्यातून मोकळं ठेवणं.

दोष माझाच. गाडी तिच्यापुढे वाकायची, तो मान तिला मिळत होता, तो मी काढून घेतला. वर नातवानं नेमकं तेच केलं. कशी येईल ती?

३० सप्टेंबर

आई जेवते, औषध घेते, बोलत नाही. आयुष दोनदा तिच्या खोलीशी जाऊन आला. दुसऱ्यांदा तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला म्हणे. पण नागपूरचं नाव नाही. पांढरी साडी खुर्चीवर तशीच.

उद्या निघायचं होतं. वाटेत रात्रीच्या मुक्कामाला ठरवलेली मेहकरची खोली रद्द करायला फोन हातात घेतला, ठेवला. उद्या करीन.

१ ऑक्टोबर

सकाळी चहा घेत होतो. बाहेर ठक ठक. बघतो तर आई!

पांढरी साडी नेसलेली. रस्त्याच्या कडेला उभी. गाडी खाली अंगणात, रस्त्याला लागून. आई काठीनं तिच्या दारावर ठोकत होती.

"उघड."

महापालिकेनं चढवलेल्या त्या फूटभर डांबरावरून गाडीचा उंबरा तिला एका पायरीएवढाच होता. आम्ही तिघं शिकलेली माणसं एवढे दिवस स्टूल, पाठ, पिशव्या करत बसलो, आणि तिनं खिडकीतून बघून ठेवलं होतं. काठी आत टाकली, दाराची कड धरली, एक पाय, मग दुसरा. कुणी हात लावला नाही. आत टेकली आणि पदर नीट केला.

"चल आता. उशीर नको करू."

शर्मिला सामानाच्या बॅगा आणायला धावली. आयुष गाडी चालवायला बसला, पुढे बघत. मी रद्द न केलेल्या खोलीला मनातल्या मनात जय भीम घातला.

३ ऑक्टोबर, नागपूर

दर्शन झालं. माणसांचा समुद्र. आई तासभर स्तूपाकडे बघत बसली.

परत गाडीशी आलो. पदपथ उंच होता, त्यावरून चढणार होती. मी म्हणालो, आई, मला माफ कर, गाडी पूर्वीसारखी राहिली असती तर तुझ्यापुढे वाकली असती.

ती म्हणाली, "पोपट, ते खाली बसे ना, तवा मले माह्या बापाची पाठ दिसे. रोज. हात ठेवून माफी मांगत होती मी. तू लय खूश दिसे, म्हून बसत गेली."

तिनं टपावर हात ठेवला नाही. सरळ चढली.