प्रियल कुठे बघत असेल

३ जून
ठरलं— व्हिडिओ करायचे! यूट्यूब की इन्स्टाग्राम, एवढंच अडलंय. हिना म्हणते, "मम्मी, आधी एकच धरा. दोन्हीकडे धावाल तर ना इकडचं ना तिकडचं." सून शहाणी आहे. तिला वाटतं, सासूला पापडांची हौस. हौस कसली डोंबलाची! मला फक्त माझ्या लेकीला दिसायचंय.

दोन वर्षं झाली प्रियलला कुंदनबरोबर पळून जाऊन. धुळ्यात असते, एवढंच कळलं. ह्यांनी घरात तिचं नाव काढायला बंदी केलीय. नंबर तिने बदलला.

४ जून
ती फोनवर काय बघायची, आठवतच नाही! बावीस वर्षं एका घरात होती पोर. मी ओरडायचे, तेवढं आठवतं.

६ जून
इन्स्टाग्राम. तिच्या वयाच्या सगळ्या तिथेच पडीक असतात म्हणे. हिना नवं अकाउंट काढत होती, मीच नको म्हटलं. माझ्या मुलाने, पारसने, दुकानाच्या नावाचं काढलेलं आहेच. बापाच्या दुकानाचं नाव दिसलं की पोर थांबेल ना!

१५ जून
मुगाचे पापड लाटले. चेहरा दाखवायचा नाही, ह्यांचं फर्मान. नुसते हात. चालेल.

२ जुलै
नऊ व्हिडिओ झाले. लाइक करणारे कोण— पाचोऱ्याची नणंद, तिच्या दोन जावा, दुकानातले नोकर. बस! रोज यादी उघडते. प्रियलचं नाव नाही.

पारस म्हणतो, "मम्मी, यूट्यूबवर टाक ना, इथे कोण बघतंय?" तुला काय सांगू, दगडा!

३ जुलै
चुकलंच माझं. यूट्यूबच धरायला हवं होतं.

११ जुलै
पीठ मळायलाही उठवत नाही. बघून पुढे जात असेल ती, दुसरं काय! मग कुठेही टाका, फरक काय पडतो.

१४ जुलै
हिनाला सगळं सांगून टाकलं. रडले. तिने स्वतःच्या फोनवर शोधलं. "मम्मी, प्रियलदीदीचं अकाउंट मला दिसतंय. दुकानाच्या अकाउंटवरून दिसत नाही. तिने ब्लॉक केलंय."

का म्हणून विचारलं, तर तिने दुकानाच्या अकाउंटवरचे जुने मेसेज उघडून दाखवले. ती गेली त्याच आठवड्यात पारसने लिहिलेलं— "मम्मीपण म्हणते, तू आम्हाला मेलीस."

मी? मी कधी म्हटलं असं! दोन वर्षं पोर हेच धरून बसली असेल.

१५ जुलै
हिनाच्या फोनवर फोटो बघितला. प्रियलच्या मांडीवर मुलगी. आठ महिने झाले, मी नानी आहे.