कुंदन बोलून राहिलो

मोरबी,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

कुंदनदादाले नितेशचा नमस्कार. मायच्या पाया पडतो.

मी इथं बरा हाय. टाइलच्या कारखान्यात पॅकिंगवर लागलो. आधीचं काम सोडलं. काहून सोडलं ते विचारू नको, मलेच माईत नाही. माय म्हणते तसं, माह्या पायाले भिंगरी. इथं भाजीत गोड टाकतात, आपल्या वांग्याची याद येते. मेथी निघाली का? तेल्हाऱ्याच्या बजारात तू पुठ्ठ्यावर भाव लिहून ढिगात खोचतो, असं माय सांगत होती. लोक वाचतात अन् पिशवी पुढं करतात. मी होतो तवा मी भाव बोंबलत होतो अन् तू तराजू धरत होता. आता बोंबलणारा नाही तरी माल खपते. आयकून बरं वाटलं, अन् उगाच थोडंसं वाईटबी.

पत्र काहून लिहिलं म्हणशीन. फोनवर मीच बोलतो, तू "हं" म्हणतो. फोन मायच्या हाती राहते; मेसेज केला तर ती तो शेजारच्या खुशीकडून वाचून घेते, अन् खुशीले सांगणं म्हणजे गावात दवंडी. हे तुले एकट्यालेच सांगाचं होतं.

तुही मुलाखत चोवीस तारखेले अकोल्याले हाय, ते तुले माईत हाय. तुले पहिल्या फेरीत कसं निवडलं, ते माईत नाही.

दिवाळीत आपण रागिणीताईच्या केंद्रात नाव लिहाले गेलो होतो ना. ज्याले कोणी कामावर घेत नाही, पायानं अधू असो, कमी शिकलेला असो, जेलातून आलेला असो, त्याले ते काम पाहून देतात. ताईनं तुहा फोन नंबर विचारला अन् तू तोंड उघडाच्या आधी मी माहा सांगून मोकळा झालो. मंग कंपनीवाल्याचा फोन इकडंच आला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं गोदाम हाय म्हणे.

"कुंदन बोलून राहिले का?"

"हो साहेब, कुंदनच बोलून राहिलो."

भाऊ हाय म्हणून सांगणार होतो. तोंड पुढं पळालं. गाव, शिक्षण, हिशेब येते का, समदं सांगितलं. दोनदा हसवलंबी त्याले. तो खूश. म्हणे, "गोदामात काहून? तुमाले काउंटरवरच बसवतो. गिऱ्हाइकाशी बोलाले असाच माणूस पाहिजे."

दादा, तवा मले समजलं मी काय करून बसलो.

पहिले डोक्यात काय आलं सांगू? आपण दोघं सारखेच दिसतो. मीच येतो अन् कुंदन बनून बसतो. सुट्टी मागून ठेवली, अन् रागिणीताईले फोन करून ही अक्कल सांगितली.

"बरं," ताई म्हणे. "अन् पंचवीस तारखेपासून काम कोण करन?"

मी म्हटलं, पण त्याले बोलणं जमत नाही ना.

"तुमचा भाऊ मुका हाय का?"

"नाही ताई. बोलताना अटकते. नाव सांगतानाच लय अटकते."

"मंग अटकू द्या ना. समोरचा खुर्चीवर बसला हाय, तो काय पळून चालला? बाप्पा, तुमीच त्याले बोलू देत नसान."

मले असा राग आला! तिले काय माईत, शाळेत पोट्टे तुही नक्कल करत तवा त्याईच्या अंगावर कोण धावे. फोन आपटला. मंग दिवसभर खोके भरता भरता आठवून पाह्यलं, तुही एखादी तरी गोष्ट मी तुह्याच तोंडून पुरी होऊ देली का? आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. ताईनं कंपनीले खरं काय ते सांगितलं. साहेब तापला. मंग म्हणे, येऊ द्या, गोदामासाठी पाहू. तुले लिहून उत्तर द्याचं असन तर लिहिता येईन, बोलाचं असन तर ते थांबतीन. काय पाहिजे ते तूच ताईले सांगजो, मी नाही सांगितलं. काम भेटनच, असं ताई म्हणत नाही. माह्यानं बिघडलं ते पुरतं सुधरलं का, मलेबी माईत नाही. रागवाचं असन तर रागव.

माय म्हणते, ये अन् दादाच्या संग जाय. सुट्टी मंजूर झाली होती. मी परत केली. मी दाराबाहेर जरी बसलो ना, तरी तू उत्तर देताना दाराकडं पाहशीन, अन् मी आत घुसीन. माहाच मले भरोसा नाही.

अन् खरं सांगू? तू हरशीन, याचं भेव कमी वाटते. तू माह्याबिगर जिंकला तर मंग मी कोणाच्या कामाचा, याचं जास्त.

ताईले तुहा नंबर देला हाय. पुढच्या शनिवारी ती सरावासाठी फोन करन. मायच्या हातात देऊ नको, तू उचलजो. त्याच्या आदल्या दिवशी मी करीन. या वक्ताले मी पहिले बोलणार नाही. "हॅलो" नाही, "दादा" नाही, काहीच नाही. तू फोन कानाले लावून बस, मीबी बसतो. चाय थंडी होऊ दे, माहा सुपरवायझर बोंबलू दे. "कुंदन बोलून राहिलो" हे तुह्या तोंडून जवा निंघन तवा निंघन.

मी फोन कापणार नाही.

तुहा धाकटा,
कान लावून बसलेला,
नितेश