राजाचे डोळे आणि महिन्याचा बॉक्स

१२ जुलै, शनिवार
चित्रकलेच्या सामानाचं सबस्क्रिप्शन घेतलं. दर महिन्याला एक बॉक्स घरी येणार. आत काय ते आधी सांगत नाहीत.
कारण असं. इथे बेंगळुरूत दसऱ्याला घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. आईच्या त्या बाहुल्यांतल्या लाकडी राजा-राणीचा रंग उडाला आहे, डोळे तर पुसूनच गेलेत. जोडी आईच्या माहेरची, कस्तुराबाई आजीने दिलेली. आई जेवताना म्हणाली, यंदा जी यांचे डोळे काढेल तिच्या हातात पेटीची किल्ली. पुढे बाहुल्या तिनेच मांडायच्या.
अभिमन्यू अण्णाच्या बायकोने, भव्या वैनीने, लगेच आईला विचारलं, मी काढू का अत्ते? सासूला ती कानडीत अत्ते म्हणते. मागच्या वर्षी लग्न होऊन आली आणि आमच्या पेटीवर डोळा. मी म्हटलं, मी रीतसर शिकून काढणार आहे. रीतसरवर जोर दिला.

१९ जुलै
पहिला बॉक्स. जलरंग आणि जाड, दाणेदार कागद. इतका चांगला कागद मी खराब करणार नाही. चौथीपर्यंत वडिलांनी, आप्पाजींनी, मला घरीच शिकवलं. पाटीवर अक्षर नीट आल्याशिवाय वही मिळत नसे. तोच नियम इथे. आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सराव.
वैनीने ब्रश गालावर फिरवून पाहिला. स्वल्प मऊ आहे म्हणाली. ब्रश धुऊन ठेवला.

२७ जुलै, रविवार
सराव. कॅलेंडरचा कागद गुळगुळीत, रंग धरत नाही. दोष कागदाचा. एक डोळा फार चांगला आला. त्याला जोडीदार मिळत नाही.
पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये माल मीच तपासते. केसाएवढा फरक असला तरी रिजेक्ट. आप्पाजींनी माझं कॅलेंडर लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, हा लॉट गिऱ्हाईक परत पाठवेल.
उद्यापासून रोज पहाटे सराव.

१७ ऑगस्ट
पहाटे जमलं नाही. वर्कशॉपची दगदग.
दुसरा बॉक्स आला. कोळशाच्या कांड्या. राजाचे डोळे कोळशाने काढू? कंपनीला कळवलं. उत्तर आलं की सरप्राइझमध्येच मजा आहे. कुणाची ते लिहिलं नाही.
वैनीने न विचारता एक कांडी उचलली आणि पेपरच्या कडेला आईचा चेहरा काढला. आईने तो फ्रिजवर लावला. नाक मोठं झालंय, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. आई म्हणाली, माझं मोठंच आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार
तिसरा बॉक्स. लाकडावर बसणारे रंग, बारीक ब्रश. हवं तेच. आणि कालच पितृपक्ष लागला. नवी वस्तू वापरायला काढायची नाही. बेंगळुरूत धंदा करतात आणि घरात एक पंचांग ठेवत नाहीत.
आप्पाजी म्हणाले, नवीन सुरू करू नये, जुन्याची दुरुस्ती चालते. मी म्हटलं, बाहुल्या जुन्या आहेत पण बॉक्स नवा आहे. ते म्हणाले, सरी, तू म्हणशील तसं. वैनी भाजी निवडत होती. मान खाली घालून हसली. मला दिसलं.
अमावास्येला पक्ष संपतो, दुसऱ्या दिवशी बाहुल्या मांडायच्या. मधली पहाट पुरे. मनात सगळी तयारी झालेली आहे.

१४ सप्टेंबर
वैनीने राणी रंगवून टाकली. गेट रंगवून उरलेल्या रंगाने. डोळे काडेपेटीच्या काडीने काढले. राणी हुशार दिसते, नको तितकी. आईने मीठ-मोहरी घेऊन राणीची दृष्ट काढली.
पितृपक्षात हे चालतं का, असं मी अभिमन्यू अण्णाला विचारलं. म्हणाला, राणी जुनी, रंग जुना, नवी फक्त तुझी वैनी.
राजा तुझ्यासाठी ठेवलाय हं, असं वैनी जाताजाता म्हणाली. मला तिची दया नको. राजा मात्र मीच करणार.

२२ सप्टेंबर, सोमवार, पहाटे
आंघोळ केली. बॉक्स देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं, मग उघडला. थोडी हळद ब्रशला लागली. राजाच्या डोळ्यांत पिवळसर झाक आली. अनुभवी राजा वाटतो.
उजवा डोळा उत्तम. डावाही उत्तम. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. डावा सुधारला. मग त्याच्या बरोबरीने उजवा सुधारला.

सकाळी आठ
पुसायला गेले. डबीवर लिहिलंय की हा रंग कधीच निघत नाही. कौतुकाने लिहिलंय.

२५ सप्टेंबर
आईने राजाला मोत्यांच्या मुंडावळ्या बांधल्या. चांगल्या दाट, नाकापर्यंत उतरणाऱ्या. काम पसंत पडल्याशिवाय कुणी एवढं नटवत नाही.
राजाराणी वरच्या पायरीवर, खाली शेट्टी आणि शेट्टीण ही वाणी-वाणिणीची जोडी धान्याचं दुकान मांडून. हळदकुंकवाच्या बायका विचारत होत्या, राजाचं परत लग्न आहे का? वैनी म्हणाली, हो, आणि राणीला अजून कळवलेलं नाही.
मग जयनगरहून कस्तुराबाई आजी आली. तिने मुंडावळ्या वर केल्या. बराच वेळ पाहिलं. हळूच खाली सोडल्या. म्हणाली, अगं, हा माझ्याकडे पण बघतोय आणि दाराकडे पण. राखणीला बरा.
सगळ्या हसल्या. मीही हसले. मोठ्या माणसांचा मान ठेवावा.

३ ऑक्टोबर
किल्ली वैनीच्या कमरेला. मला ती नकोच होती. वर्कशॉप सांभाळून बाहुल्या कोण सांभाळणार?
आज आवराआवर. राजा माझ्या पहिल्या बॉक्समध्ये बरोबर बसला, राणी दुसऱ्यात, शेट्टीचं दुकान तिसऱ्यात. जणू मापानेच केलेत. गुंडाळायला कागद हवा होता. वैनीने जलरंगाचा तो दाणेदार कागद काढला, विचारूनच. कोरा होता. मी हो म्हटलं. राजाला दोन ताव लागले.
आता हे सबस्क्रिप्शन बंद करते, असं मी आईला सांगितलं. आईचे हात थांबले. म्हणाली, बंद नको करूस गं. शेट्टी-शेट्टीणीला अजून खोकं नाही.