बोक्याचं वजन, अधिक-उणे पाच ग्रॅम

३ मार्च, सकाळी ७.१०
बोक्याच्या आतड्यात गाठ. कॅन्सर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांनी काही महिने मिळतील. दर आठवड्याला वजन करा, शिवाय पाठीवरून हात फिरवून कणा किती लागतो तेही बघा. वजन करीन. हात हे मोजायचं साधन नाही. वजनकाटे तपासणं ही माझी नोकरी आहे. लॅबमधला काटा घरी आणला. ३.९८० किलो.
बोका आईचा आहे. माझा संबंध आकड्यांपुरता.

४ मार्च
पहिली गोळी. मनगटावर चार ओरखडे, अंगठ्यात दोन सुळे. गोळी फ्रिजखाली. आई म्हणाली, त्यानं गल्लीतल्या कुत्र्याचं नाक फाडलंय, आणि तू चमचा घेऊन गेलीस होय. उद्यापासून टॉवेल पद्धत.

५ मार्च
टॉवेल फाटला. धरायला आलेल्या भावाचा ओठही. दोन टाके. तो म्हणतो, उद्या गोळी मलाच दे, मी निमूट गिळतो.

९ मार्च
वेल्डरचे चामडी हातमोजे. बोक्यानं मोजे सोडून कोपर धरलं. गोळी पोटात. भिंतीवरचं रक्त माझं, म्हणजे प्रयोग यशस्वी.

१७ मार्च
३.९४०. किरकोळ घट. माझ्या उशीवर अर्धा पारवा. ताकद उत्तम.

२४ मार्च
४.११०. वाढ. आई म्हणते, कणा करवतीसारखा हाताला लागतो. तिच्यासमोर काट्यावर प्रमाणित वजन ठेवलं. काटा अचूक. ती म्हणाली, काटा बरोबर आहे गं, बोका बरोबर नाही.
भावनेच्या भरात माणसं असं बोलतात.

३१ मार्च
४.३९०. पोट छान गोल. लॅबमध्ये आलेख भिंतीला लावला. साहेबांनी विचारलं, हे कुठलं यंत्र.

२ एप्रिल
गोळी पहिल्या झटक्यात. चावला नाही, गुरगुरलाही नाही. हातमोजे परत केले. पद्धत सिद्ध झाली.

५ एप्रिल
शेजारचा बोका खिडकीतून आला, याच्या ताटलीतलं खाऊन गेला. हा बघत बसला. समंजस झालाय.

७ एप्रिल, दुपारी
४.६२०. आलेख घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तो बाजूला ठेवला आणि बोक्याच्या पोटावर टिचकी मारली. पाणी, म्हणाल्या. गाठीमुळे साचलंय. पोटात सुई घातली. त्यानं हूं की चूं केलं नाही. निघालेलं पाणी मी तिथेच तोललं, बाटली वजा करून. १.१४०. उरलेला बोका ३.४८०. आता थोडेच दिवस, म्हणाल्या.
काटा चुकला नव्हता. हे नोंदवून ठेवते.

८ एप्रिल
काटा लॅबला परत. पाठीवरून हात फिरवला. मणके एकेक मोजता येतात.
गोळी दिली. अंगठा त्याच्या दातांमध्ये जरा वेळ तसाच ठेवला. मुद्दाम.
चावला नाही.