कोमांचेरो म्हणजे आपले भाऊ

चि. क्षितिजास,

अंजूरहून रामनाथमामाचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, माझा गुडघा सोडून (तो आता वेगळा राहतो). तू कशी आहेस? तिथल्या कोरड्या हवेत डोक्याला तेल लावतेस ना?

पत्राचं कारण तुझा तो शब्द. रविवारी माझ्या भावेशच्या सोयरिकीला आतल्या गावची पाहुणे मंडळी आली. विचारलं, भाची अमेरिकेत काय शिकते? मी म्हटलं, कोमांचेरो. (तुझ्या मामीला तो आजार वाटला.) मग तू सांगितलेलं सगळं मी ओतलं. पूर्वी न्यू मेक्सिकोतली माणसं गाड्यांवर पाव, पीठ, तंबाखू लादून दूर मैदानात कोमांची नावाच्या तिथल्या आदिवासींकडे जायची, कातडी नि घोडे घेऊन परतायची. स्पॅनिशमधलं ‘एरो’ म्हणजे आपलं ‘वाला’. तर कोमांचेरो म्हणजे कोमांचीवाला.

तेवढ्यात भाऊ, तुझे आजोबा (ज्यांना जेवायला हाक मारलेलीही ऐकू येत नाही), कोपऱ्यातून ओरडले, “म्हंजे मी!”

मी घामाघूम. भाऊ तरुणपणी बैलगाडीत मीठ आणि सुकी मासळी भरून रानातल्या पाड्यांवर जायचे, बदल्यात मध, तांदूळ आणायचे, तिथंच जेवायचे. गावानं ‘रानवाला’ म्हणून हिणवलं, पंगतीत लांब बसवलं. आम्ही घरात तो विषयच काढत नसू. (शाळेत मी ‘वडील ट्रान्सपोर्टमध्ये’ असं सांगायचो.) आणि आता ते पाहुण्यांसमोर उभे राहून सगळं सांगत सुटले. म्हटलं, गेली सोयरीक.

तर मुलीची आजी, चंद्राबाई, उठून त्यांच्यासमोर आली. “तांबड्या बैलांची गाडी तुमचीच का? पावसाआधी ती आली न्हाय तर आमच्या घरात मीठ नसायचं. आय मला वाटंवर बसवायची, रानवाला आला का बघ म्हनून.”

भाऊंना ऐकूच आलं नाही. तिनं कानाशी वाकून पुन्हा सांगितलं. मग ते खाली बसले आणि किती तरी वेळ टॉवेलनं तोंड पुसत राहिले. मीही पंख्याकडे बघत होतो (पंखा बंद होता). सोयरीक पक्की झाली.

तुझा,
रामनाथमामा

ता.क. तिथल्या दिएगोशी लग्न करायचं तू म्हणालीस, तुझी आई, म्हणजे आमची आक्का, ‘परक्यात नको’ म्हणाली, आणि दिवाळीपासून मायलेकी बोलत नाहीत, हे मला माहीत आहे. भावेशच्या लग्नाला त्याला घेऊन ये.

ता.क. दुसरा: हे पत्र आक्कानंच समोर बसून लिहून घेतलंय. ‘माझं नाव घालू नको’ म्हणते. दिएगोच्या शर्टाचं माप मात्र कळव, म्हणते.