नाकातून निसटलेला ‘ब’

३ मार्च
आज दातांवरचे रबर निघाले. जबड्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तोंड मोकळं. घरी येऊन हाक मारली — बाबा. बाहेर पडलं — मामा.
दादा हसला. ‘‘बाबांचं नातंच बदललंस की!’’ मीही हसले. पुन्हा म्हणून पाहिलं. मामा. पुन्हा. मामा. आई उगाचच ओटा पुसत राहिली.

७ मार्च
चेहरा छान झालाय. येणारा-जाणारा तेच म्हणतो. वरचा जबडा पुढे आला, घास तुटतो, आरशात बघवतं. पण आवाज त्या लहान मुलीचा — टाळू शिवल्यावरही गेंगाणं बोलणारी, जिला वर्गात कुणी धडा वाचायला देत नसे. तिला घालवायला आईनं आणि मी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला. ती परत घरात येऊन बसलीय.

११ मार्च
सर्जन एक्स-रेवर खूश. ‘‘जबडा अगदी जागेवर बसलाय.’’
आवाजाचं विचारलं. म्हणाले, जबड्याबरोबर टाळूही पुढे सरकला, आता तो घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. हवा नाकातून निसटते. ‘‘जन्मतः टाळू दुभंगलेल्या काहींना होतं असं. आधी बोललो होतो आपण.’’
बोलले होते. मी मान डोलावली होती. ‘काहीं’मध्ये आपण कधी नसतोच ना.

२० मार्च
उच्चार शिकवणाऱ्या बाईंनी नाकाखाली आरसा धरला. ‘‘म्हण, पाटी.’’ आरसा धुरकटला. दात जुळल्यामुळे ‘स’ मात्र आयुष्यात इतका स्वच्छ आला नव्हता. बाकीची बाराखडी गेली नाकावाटे.
‘‘सराव किती करू?’’
‘‘सरावानं फट बुजत नाही गं.’’
खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? आणखी काही महिने थांबायचं, मग कदाचित घशाचं ऑपरेशन. तोवर काय करू? रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात बोलणं हेच तर माझं काम.

२ एप्रिल
कामावर रुजू. माणसं कमी, म्हणून साहेबांनी फार विचारलं नाही. मीही जमेल म्हटलं.

९ एप्रिल
वायरलेसवर मी म्हटलं, बागेच्या गल्लीत. चालककाकांनी ऐकलं, मागच्या गल्लीत. गाडी तिकडे गेली. इकडे एक आजी अर्धं अंग लुळं पडून वाट बघत होत्या —
जीव वाचला. उजवा हात गेला. डॉक्टर म्हणे, थोडं आधी आणलं असतं तर...
आई दाराबाहेरून हाका मारतेय. ओ देत नाही. या तोंडातून आता एक अक्षर नको. लोक मुके राहून जगतातच की. मला तेवढंही जमेल का, देव जाणे.

१२ एप्रिल
चौकशी. काका म्हणाले, ‘‘माझेच कान गेलेत, साहेब. पोरीचा काही दोष नाही.’’
मी शेजारी उभी. तोंडाला कुलूप.

१३ एप्रिल
काकांना घरी बसवलं.

१४ एप्रिल
साहेबांच्या खोलीत गेले. बसले नाही. पहिल्यापासून सगळं सांगितलं, लिहून नाही, तोंडानं. साहेब वैतागले. ‘‘अहो, नीट बोला. एक शब्द कळत नाहीये.’’
‘‘तेच सांगायला आलेय,’’ म्हटलं.