गढूळ पाण्यातला हिरवा

इंदापूर,
रविवार दुपार

रणजितराव यांस नानाचा सप्रेम जय भीम.

तुमची, अंजलीची आणि रश्मीची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. विचारलं तरी तुम्ही उत्तमच कळवणार, आणि त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे मला इथं बसून ठरवता येणार नाही. गुडघा दुखतोय म्हणून तुम्ही आमच्या घरच्या साखरपुड्याला आला नाहीत, आणि त्याच दिवशी कन्हेरीच्या माळावर क्रिकेटच्या मॅचला अंपायर म्हणून दिवसभर उभे होतात, अशी माझ्याकडे पक्की बातमी आहे. साडू म्हणून मी काही बोललो नाही. गुडघा आता कसा आहे?

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी बोलायला लागलो की शालनचं भाजी निवडणं बंद पडतं, मग ती अंजलीला फोन लावते, आणि मी तुम्हाला सांगितलेली गोष्ट संध्याकाळी तुमच्याच घरून माझ्याकडे परत येते, तीही वाढून. तेव्हा हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचावं. (अंजली, तू वाचत असशील तर इथंच थांब.)

विषय तुमच्या त्या खोक्याचा आहे. पावसाळ्याच्या तोंडी तुम्ही बारामतीहून गळाला लावायच्या रबरी मासळ्या पाठवल्यात, मऊ प्लॅस्टिकच्या, वळवळणाऱ्या शेपटीच्या, डझनभर रंगांच्या. आता हे खोकं मला एकट्याला की मला आणि इस्माईलला मिळून, हे तुम्ही स्पष्ट लिहिलं नव्हतंत. पण तो माझा जुना जोडीदार, उजनीच्या पाण्यावर आमचा दर रविवार सोबत जातो, म्हणून मी वाटणी केली. वालचंदनगरच्या कारखान्यात रंगखात्यात माझी सगळी नोकरी झाली हे तुम्ही जाणताच. करड्या रंगाच्या सात छटा मी डोळे किलकिले न करता वेगळ्या काढत असे. त्या हिशेबानं चांगले रंग मी ठेवून घेतले, म्हणजे ती पाणीदार फिकट शेवाळी, ती पोपटी, ती मोतिया, आणि उरलेला गडद, काळपट माल इस्माईलला दिला. तो काही बोलला नाही. तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती.

या दिवसांत आपलं पाणी कसं असतं तुम्ही पाहिलंय. दूध कमी पडलेल्या चहासारखं, आत हात घातला तर बोटं दिसत नाहीत. पहिल्याच रविवारी इस्माईलनं दोन मरळी काढल्या आणि माझ्या गळाला एक चप्पल लागली (डाव्या पायाची). मी सहज विचारावं तसं विचारलं, कुठला रंग लावलाय रे? तो पाण्याकडे बघत म्हणाला, "हिरवा हाय, नाना." मी हिरवी लावली. काही नाही. पुढच्या रविवारी त्याला पुन्हा मासा. पुन्हा विचारलं. "हिरवाच की. न्हायतर लाल आसंल, काय फरक पडतोय?" फरक पडतोय? रंगखात्यातल्या माणसाला हा विचारतो, फरक काय पडतोय! शिवाय गळाला मासळी अडकवताना तो पाठ करून बसायचा. मासा निघाला की आधी रबरी मासळी मुठीत झाकायची, मग मासा दाखवायचा. कुठंतरी पाणी मुरतंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

म्हणून मी आमच्या बुद्धघोषची दुर्बीण घेतली आणि पुढच्या खेपेला पोट बिघडल्याचं सांगून वेड्या बाभळींच्या मागं जाऊन बसलो. तिथं पुण्याहून पक्षी बघायला आलेलं एक जोडपं माझ्या शेजारी येऊन उकिडवं बसलं. मी दुर्बीण लावून एवढा गप्प बसलोय म्हणजे काहीतरी दुर्मीळ असणार, असं त्यांना वाटलं. बाई कुजबुजून विचारायला लागल्या, काका, कुठला आहे? मी म्हटलं, इथलाच आहे, फार लबाड आहे. त्यांनी त्याला लगेच कॅमेऱ्यातून शोधायला घेतलं. पण मला हवं ते मी तेवढ्यात पाहिलं. इस्माईलनं गळाला लावली होती ती गडद, तपकिरीकडे झुकणारी डाळिंबी. माझ्या डोळ्यांची चूक होणं शक्य नाही. मी काट्यांतून ओरबाडत परत आलो आणि साळसूदपणे विचारलं, आज कुठला? "हिरवा."

रणजितराव, रागानं माझी कानशिलं तापली. मासा त्यानं नेला, माझी हरकत नाही. पण माझ्या डोळ्यांत धूळ फेकावी, आणि तीही रंगाच्या बाबतीत!

त्यात इस्माईल पडला डाळिंबाचा व्यापारी. मार्केटात फळ कानाशी धरून टिचकी मारतो आणि भाव बोलतो. लोक याला कसब म्हणतात, मी नाटक म्हणायचो. तर मी सोमवारी एक शेवाळी आणि वाटणीत चुकून माझ्याकडे राहिलेली एक डाळिंबी मासळी खिशात घालून मार्केटात गेलो. सौदे चालू होते, शेतकरी होते, गोकुळ हमाल होता. दोन्ही मासळ्या तळहातावर ठेवल्या आणि सगळ्यांसमोर म्हटलं, यातली हिरवी कुठली तेवढं सांग, म्हणजे मी निघालो. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "नाना, घरी चला, च्या घिऊ." मी म्हटलं, चहा नको, इथंच सांग. गोकुळ फिस्सकन हसला. इस्माईलनं हात पुसले आणि मागच्या दारानं निघून गेला. चोर सापडला म्हणून मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं.

त्यानंतर तो पाण्यावर आलेला नाही. मी फोन करत नाही, तोही करत नाही. मी जातो, गळ टाकतो, बसतो. थर्मास त्याचा असायचा, त्यामुळं चहा नाही. मला कधी बोटभर मासा लागला तरी हा माणूस पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा ओरडायचा, पोराला पदक मिळाल्यासारखा. आता मासा लागला तरी ते कोणाला सांगू? खरं लिहितो, मला त्याच्याशिवाय करमत नाही.

तेव्हा मुद्द्याचं बोलतो. इस्माईल दर गुरुवारी माल घेऊन बारामतीला येतो आणि तुमच्याकडे चहा घेतो, हे मला माहीत आहे. गढूळ पाण्यात गडद रंग चालतो, नानाला कळू देऊ नका, हे त्याला तुम्हीच पढवलंत की नाही? उलट टपाली कळवा. सगळ्यांना यथायोग्य. गुडघ्याला जपा (असल्यास).

तुमचा साडू,
नाना

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. काल इस्माईलची बायको शबाना घरी आली होती. मी आत झोपलो होतो (झोपलो नव्हतो). शालनला म्हणाली, "वैनी, त्यास्नी लाल आन् हिरवं येकसारखंच दिसतंय. जल्मापासनं. डाळिंब ते कानानं घेत्यात, डोळ्यानं न्हाय. ह्ये मार्केटात फुटलं तर मानसं हसत्याली, आन् धंदा बसंल. नानांनी बाजारातच इचारलं वो."  मी छताकडे बघत पडून राहिलो.

आधी मला ही बतावणी वाटली. मग आठवलं, बारामतीच्या सिग्नलला तो नेहमी दुसऱ्या गाडीच्या मागंच थांबतो, शेजारची जागा मोकळी असली तरी, आणि ती हलली की मगच हलतो. म्हणजे तो मला खोटं सांगत नव्हता, अंदाजानं सांगत होता, आणि अंदाज चुकलेला मला दिसू नये म्हणून मासळी झाकत होता. गळाला तो दाट दिसेल ती मासळी लावायचा. त्या चिखलात मरळीलाही दाट आणि फिकट एवढंच कळत असणार. छटा बघत बसलो होतो तो मी एकटाच. तरी चूक माझी असं मी म्हणत नाही. एका खोक्यात डझनभर रंग तुम्ही पाठवलेत, चूक तुमची आहे. आणि ही गोष्ट अंजलीला कळता कामा नये. कळली तर कुणाकडून कळली हे मी लगेच ओळखेन.

ता. क. दुसरा. तुमच्याकडे काम आहे, खरं तर त्यासाठीच हे लिहितोय. आणखी एक खोकं पाठवा. सगळ्या मासळ्या काळ्या. नुसत्या काळ्या, म्हणजे यापुढे पाण्यावर कुणी कुणाला रंग विचारायचं कारण उरणार नाही. आत तुमच्या अक्षरात चिठ्ठी घाला, की जाणकार म्हणतात गढूळ पाण्यात काळ्याशिवाय काही चालत नाही, नानाला रंगातलं काही कळत नाही, त्याचं ऐकू नका. नाव इस्माईलचं घाला, पत्ता माझा. तुमच्या शब्दावर त्याचा विश्वास आहे. माझ्यावर सध्या नाही.

ता. क. तिसरा. भरताना नीट बघून भरा, एकही रंगीत त्यात जाऊ देऊ नका. खोकं घेऊन मी त्याच्या घरी जाणार आहे, आणि मी ते आधी उघडून बघणार नाही.